इंग्लंडच्या शेतातले पिलबॉक्स (फोटो नंतर टाकतो, आधी गप्पा)

केनेटकाठी

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

रेडिंगला राहून नऊ वर्षं झाली. थील स्टेशनला उतरायचं, केनेट-एव्हन कालव्याच्या टोपाथला (काठची पायवाट) लागायचं आणि चालत रेडिंगकडे यायचं हा आमचा ठरलेला रविवार. वाटेत गार्स्टन लॉक लागतं (लॉक म्हणजे बोटी वरखाली करायला कालव्यात केलेलं दारांचं कुंड). त्याच्या भिंती विटांच्या नाहीत, गवताचे उतार आहेत, आणि अशी लॉक्स या कालव्यावर आता दोनच उरलीत म्हणून येणारे-जाणारे सगळे त्याचा फोटो काढतात. मीही काढले, चार वर्षं काढले, आणि त्या फोटोंत मागे कोपऱ्यात एक करडा ठोकळा दरवेळी येतोय हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पुण्याहून आई आली होती तिने विचारलं, "अरे ती पाण्याची टाकी आहे का संडास?"

ना टाकी ना संडास. १९४० च्या उन्हाळ्यात बांधलेला पिलबॉक्स. म्हणजे जाड काँक्रीटची छोटी खोली, चहूबाजूंनी बंदुकीपुरत्या फटी, आत सहा-सात माणसं आणि एखादी ब्रेन मशीनगन.

त्या दिवसापासून मला खूळ लागलं. त्याच पट्ट्यात एका शेताच्या कडेला एक आहे, शेतकऱ्याला विचारून त्यात पहिल्यांदा शिरलो तेव्हाचं सांगतो. दार इतकं ठेंगणं की मला (पाच फूट सात) चांगलंच वाकावं लागलं, आणि वाकून आत गेलो तर समोर लगेच भिंत. वळून गेलं की खोली, आणि खोलीच्या मधोमध वाय अक्षराच्या आकाराची आणखी एक भिंत, छताला टेकलेली. आधी वाटलं खोल्या पाडल्यात. नंतर कळलं की एका फटीतून गोळी आत आलीच तर ती समोरच्या फटीपाशी उभ्या माणसाच्या पाठीत बसू नये म्हणून ती भिंत, वर छताला आधार होतो तो वेगळा. खाली बियरचे कॅन, मेंढ्यांच्या लेंड्या, ओल्या चुन्यासारखा वास. फटीखाली काँक्रीटचाच एक पसरट कठडा होता, बंदूक टेकवायला. त्यावर कोपर टेकवून बाहेर बघितलं.

आणि इथे मला खरी गंमत कळली, धागा काढलाय तोही त्यासाठीच. बाहेरून बघितलं तर हा डबा शेतात कुणीतरी विसरून गेल्यासारखा वाटतो. आतून बघितलं की समोर कालवा, कालव्यावरचा पूल आणि पुलाकडे येणारा रस्ता बरोब्बर फटीत बसतो. सह्याद्रीत नाही का, किल्ला नुसता बघून काही कळत नाही, तो कुठल्या घाटवाटेवर डोळा ठेवून आहे ते कळलं की किल्ला कळतो. तसंच आहे हे. इथे घाटवाट म्हणजे हा पूल, आणि खंदक म्हणजे आयता, कितीतरी आधीच खणून ठेवलेला कालवा!

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे सरका. मे-जून १९४० ला डंकर्कहून ब्रिटिश सैन्य जीव वाचवून परत आलं पण रणगाडे, तोफा, ट्रक सगळं फ्रान्समध्येच टाकून. २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सह्या केल्या. आता जर्मन इकडे उतरणार हे सगळे धरून चालले होते. २७ मेला जनरल आयर्नसाइडकडे देशाच्या बचावाची सूत्रं आली. त्याच्याकडे फिरतं सैन्य कमी, रणगाडे कमी, मग त्याने काय केलं तर किनाऱ्यावर एक कवच आणि आत देशभर आडव्या-उभ्या थोपवण्याच्या रेषा आखल्या, स्टॉप लाइन्स. सगळ्यात मोठी जीएचक्यू (म्हणजे लष्करी मुख्यालयाची) लाइन, ब्रिस्टलच्या बाजूने निघून लंडनच्या दक्षिणेला वळसा घालून थेम्सच्या मुखाकडे आणि तिथून वर उत्तरेला यॉर्कशायरकडे. आमचा कालवा म्हणजे तिचाच एक तुकडा, ब्लू लाइन. शत्रू दक्षिणेच्या किनाऱ्यावरून येणार म्हणून डबे बहुतेक उत्तर काठावर, तोंडं दक्षिणेला. रस्त्यांवरच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, चर्चच्या घंटा बंद (वाजल्या तर समजायचं आले), आणि गावोगावचे बिल्डर लोक लष्कराच्या इंजिनिअरांच्या नकाशावरून हे डबे ओतत होते.

देशभरात असली पक्की बांधकामं २८ हजारांच्या घरात झाली असा अंदाज देतात, त्यातली साडेसहा हजारांच्या आसपास अजून उभी आहेत. त्यांच्यावर जर्मन सैन्य चालून आलंच नाही.

इथे यूकेत राहणारे बरेच जण आहात. तुमच्याकडे आहेत का? असतील तर एकच करा, नुसता डबा बघू नका, त्याची फट कुठे बघतेय ते बघा. आणि एक सापडला की थांबू नका, जवळपास दुसरा असतोच.

अनुराधा_ठाणे

शीर्षक वाचून मी औषधांच्या गोळ्यांच्या डब्याबद्दल आहे समजून धागा उघडला 😀 माझ्याकडे निळा आहे, सोम ते रवि सात खण, सासूबाईंचा वेगळा. मनात म्हटलं इंग्लंडच्या शेतात काय करतोय तो. पण वाचत गेले, आवडलं. मग हे नाव पडलं कसं?

केनेटकाठी

@अनुराधा_ठाणे तुम्ही अगदी बरोबर डबा उघडलात. हे नाव पहिल्या महायुद्धातलं. फ्लँडर्सच्या चिखलात खंदक खणले की पाणी लागायचं म्हणून जर्मनांनी जमिनीवरच काँक्रीटच्या बुटक्या खोल्या बांधल्या, आणि समोरच्या ब्रिटिश सैनिकांनी त्यांना पिलबॉक्स म्हणायला सुरुवात केली. त्या काळी केमिस्ट गोळ्या द्यायचा त्या गोल झाकणाच्या पुठ्ठ्याच्या डबीवरून, असं बहुतेक मानतात. खुद्द इंग्लंडात पहिल्या युद्धातलेही थोडे आहेत, नॉर्फकमध्ये नॉर्थ वॉल्शमच्या आसपास, ते खरंच गोल आहेत, तुमच्या केमिस्टच्या डबीसारखेच. १९४० चे मात्र बहुतेक षटकोनी.

घाटवाटा

वा! अशा फटींना आपल्याकडे चांगला शब्द आहे, जंग्या. तटाच्या भिंतीत बंदुकीसाठी ठेवतात त्या. आणि दारातून शिरल्या शिरल्या समोर भिंत हे तर आपलं गोमुखच झालं की छोट्या मापात, दार सरळ समोरून दिसू द्यायचं नाही.

एक शंका. आपल्या जंग्या आतून रुंद आणि बाहेरून अरुंद असतात, म्हणजे माणूस आत बंदूक इकडेतिकडे वळवू शकतो पण बाहेरून चिरच दिसते. इथे फोटो शोधले तर काही ठिकाणी उलट दिसतंय, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, तेही पायऱ्या पायऱ्यांचं. असं का?

केनेटकाठी

@घाटवाटा जंग्या! हा शब्द कसा सुचला नाही मला. आता हाच वापरणार.

पायऱ्यांचं असं की भिंत जाड आहे. आतून रुंद ठेवली तर भिंतीचा आतला भाग पोखरला जातो, म्हणून बाहेरून रुंद. पण बाहेरून सरळ उतरता नरसाळ्यासारखा आकार दिला तर त्यावर आपटलेली गोळी घसरत घसरत नेमकी आतच येणार. पायऱ्या केल्या की गोळी पायरीच्या उभ्या तोंडावर आपटते आणि तिथेच संपते. सगळ्यांना नाहीत पायऱ्या. घाईत बांधलेल्यांना नुसतंच भोक आहे.

सेंट्रिंगवाला

सिव्हिलवाला आहे, २२ वर्षं साइटवर, सध्या मिल्टन कीन्सला. राहवलं नाही म्हणून लिहितो.

या डब्यांच्या भिंतीवर हात फिरवून बघा. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांचा ठसा असतो, लाकडाचे रेषे, गाठी, दोन फळ्यांच्या मधून गळालेल्या स्लरीची बारीक उंच रेघ, सगळं ८० वर्षांनी जसंच्या तसं. मी एकावर खिळ्याच्या डोक्याचा ठसासुद्धा बघितलाय. आणि काहींना बाहेरून विटा दिसतात, लोक समजतात विटांचं बांधकाम आहे. तसं नाही. लाकडाचा तुटवडा होता म्हणून विटांची भिंत चढवायची, तीच सेंट्रिंग, मध्ये सळई आणि काँक्रीट भरायचं आणि वीट तशीच ठेवायची. काढायचा खर्च नाही की वेळ नाही. काही ठिकाणी पत्र्याची सेंट्रिंग, तिथे भिंत पन्हाळीसारखी दिसते.

क्वालिटी म्हणाल तर जागोजागी वेगळी, हे स्पष्ट दिसतं. कुठे खडी नीट बसलेली, कुठे हनीकोम्ब (काँक्रीटमधली पोकळ भोकं) इतका की मी असला स्लॅब पास केला नसता. एका ठिकाणी सळईला कव्हर (वरचा काँक्रीटचा थर) अर्धा इंचही नव्हतं, मग काय, सळई गंजली, फुगली, वरचं काँक्रीट फोडून बाहेर. पण जिथे कव्हर आहे तिथे आतला माल अजून दगड आहे. हातोडी मारली की खणखण.

आणि जाडी दोन प्रकारची. नुसत्या गोळीपुरते १२ ते १५ इंच, आणि तोफगोळा झेलायचे म्हणजे साडेतीन फूट. साडेतीन फूट भिंत! आपण कॉलम टाकतो नऊ बाय अठराचे आणि क्लायंट म्हणतो साहेब बारीक नाही का होणार.

शंकासुर

लेख छान आहे पण एक विचारू का, हे सगळं पैसा पाण्यात घालणं नव्हतं का? जर्मनांनी फ्रान्समध्ये मॅजिनो लाइनला (जर्मन सीमेवरची फ्रेंचांची पक्की तटबंदी) वळसा घालून दाखवला होता, त्याच उन्हाळ्यात. आणि त्याच उन्हाळ्यात हे इकडे लायनी आखून काँक्रीट ओततायत. आयर्नसाइड पहिल्या महायुद्धाच्या चष्म्यातूनच बघत होता असं मी वाचलंय. बरं रणगाडे अडवायचे तर तोफ पाहिजे, तोफा तर डंकर्कला. ब्रेन गनने रणगाडा अडतो होय?

केनेटकाठी

@शंकासुर बरोबर नेम धरलात. तेव्हाही हीच टीका झाली. जुलै १९४० लाच आयर्नसाइडला बाजूला केलं आणि ॲलन ब्रुक आला, हा स्वतः फ्रान्समध्ये लढून आलेला. त्याला या लांबच लांब रेषा पटल्या नाहीत, त्याचा भर किनारा आणि मागे झटकन हलणारी राखीव फौज. पुढे रेषांऐवजी महत्त्वाची नाक्याची गावं चारी बाजूंनी लढवायची असं धोरण आलं, आणि कितीतरी डबे ओतून वाळायच्या आतच बिनकामाचे ठरले.

पण मी आयर्नसाइडच्या बाजूने एक बोलणार. त्याच्या हातात त्या महिन्यात काय होतं? सिमेंट, खडी, गावचे गवंडी आणि नुकतेच भरती झालेले म्हातारे नि पोरं (होम गार्डची हाक १४ मेला रेडिओवरून दिली, तेव्हा त्यांना स्थानिक संरक्षण स्वयंसेवक म्हणायचे). फिरती फौज लढवायला गाड्या लागतात. गाड्या नाहीत तर माणसाला जागेवर बसवून त्याच्यापुढे भिंत बांधायची, दुसरं काय करणार. आणि रेषेचं काम शत्रूला हरवणं नव्हतंच, त्याला पुलांवर अडकवून वेळ खायचा, तोवर मागून जी काही फौज आहे ती येईल.

तोफांचं म्हणाल तर रणगाड्यांसाठी वेगळा डबा होता, टाइप २८. पुढे मोठं तोंड, मागे एवढी रुंद जागा की दोन पाउंडर तोफ ढकलत आत न्यायची. त्याचाच भाऊ २८ ए, त्यात तोफेच्या शेजारी पायदळासाठी वेगळी खोली. आमच्या कालव्यावर आहेत हे. आता तोफा कमी पडल्या म्हणून काही ठिकाणी काय बसवलं तर पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यांवरच्या जुन्या सहा पाउंडर हॉचकिस! त्या चाकावरच्या नव्हेत, म्हणून काँक्रीटमध्ये बोल्ट रोवून त्यावर बसवायच्या. आत जाऊन जमिनीकडे बघितलं आणि गोलात नऊ बोल्ट दिसले तर समजायचं इथे ती म्हातारी तोफ होती.

शंकासुर

मान्य. "वेळ खायचा" हे पटलं. तरी मॅजिनोचा मुद्दा मी सोडत नाही हां.

ससेक्सची_सून

माझा आवडता सांगू? पेव्हन्सी कासल, ईस्ट ससेक्स. आम्हाला २५ मिनिटं गाडीने.

हा मूळ रोमन किल्ला, तिसऱ्या शतकाच्या शेवटचा. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकायला आला तो इथेच उतरला. नंतर नॉर्मनांनी रोमन तटाच्या आत स्वतःचा किल्ला बांधला. पुढे स्पॅनिश आरमाराच्या भीतीने इथे तोफा आणल्या, त्यातली एक अजून तिथे आहे. आणि १९४० ला परत तीच भीती, तोच किनारा. मग काय, पडक्या बुरुजांमध्ये आणि रोमन तटावर मशीनगनच्या खोल्या केल्या आणि बाहेरून त्याच किल्ल्याच्या दगडगोट्यांनी लिंपून टाकल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीनदा समोरून गेले तरी दिसल्या नाहीत, मुलाला दिसल्या, तो म्हणाला, "आई, हा दगड खोटा आहे, याला चौकोनी डोळा आहे."

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये सरकारी खात्याने ठरवलं की हे काढायचं नाही, हाही आता या किल्ल्याचाच इतिहास. मला हे फार आवडतं. नाहीतर बहुतेक ठिकाणी हे "पुरातन वास्तूवरचा डाग" म्हणून पाडून टाकलं असतं.

घाटवाटा

@ससेक्सची_सून "याला चौकोनी डोळा आहे", मुलाला ट्रेकला घेऊन या इकडे, आमच्या ग्रुपमध्ये असली नजर पाहिजेच.

सॉमरसेटचा_पाव्हणा

दगडाचं सोंग काहीच नाही, आमच्याकडे सोंगांचा बाजार होता. टाँटन स्टॉप लाइन, उत्तरेला ब्रिजवॉटरच्या खाडीपासून दक्षिणेला सीटनच्या समुद्रापर्यंत, म्हणजे इंग्लंडची जी शेपटी आहे डेव्हन-कॉर्नवॉलची ती कापून वेगळी करायची, जवळपास ५० मैल. तिकडे शत्रू उतरला तर त्याला आत येऊ द्यायचं नाही. या भागात कॅमोफ्लाजचं काम ऑलिव्हर मेसेलकडे होतं, हा थिएटरचा नावाजलेला सेट डिझायनर! त्याने पिलबॉक्सची गवताची गंजी केली, रस्त्याकडेचं हॉटेल केलं, किल्ल्याचा बुरूज केला. नाटकवाला माणूस, त्याला पडदा रंगवायची हौस. ते पडदे अर्थातच गेले, काँक्रीट राहिलं.

मी बघत होतो ते एक घर, मागच्या बागेच्या टोकाला पिलबॉक्स. एजंटच्या माहितीपत्रकात "बागेतील पक्के स्टोअर" असं लिहिलेलं होतं 😀 बायको म्हणाली लोणच्याच्या बरण्या ठेवता येतील. आत गेलो तर भिंतींना घाम, घोटाभर पाणी. बरणीला बुरशी आली असती आठवड्यात. घर दुसऱ्याच कारणाने गेलं हातातून, पण तो डबा पाडता येईल का विचारलं तेव्हा एजंटचा चेहरा बघण्यासारखा होता.

अनुराधा_ठाणे

हो, तेच विचारणार होते, पाडत का नाहीत? शेतकऱ्याची जमीन अडतेच की.

सेंट्रिंगवाला

@अनुराधा_ठाणे ताई, पाडायला परवडत नाही. पोकलेनला ब्रेकर लावून दिवसच्या दिवस ठोका, मग सळया कापा, मग राडारोडा उचलून न्या, आणि त्या बदल्यात मिळणार काय तर साधारण आपल्या एका हॉलएवढी जमीन, तीही शेताच्या कोपऱ्यात. म्हणून नांगर वळसा घालून जातो. ज्यांच्या मध्येच रस्ता किंवा सोसायटी आली ते गेले, बाकी वाचले. शिवाय काही आता लिस्टेड (सरकारी वारसा यादीत) आहेत, ग्रेड टू, त्यांना हात लावायचा तर परवानगी लागते. सगळे नाहीत हां लिस्टेड, थोडेच.

हलचा_हाल

आमच्याकडे पाडायची गरज नाही, समुद्र पाडतो.

होल्डरनेसचा किनारा, हलच्या पूर्वेला. चिकणमातीचे कडे, वर्षाला दीड-दोन मीटर जातात, युरोपात सगळ्यात वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांपैकी. १९४० ला जे डबे कड्यावर शेतात आत बांधले ते आता खाली वाळूत पडलेत, काही आडवे, काही चक्क उलटे. पोरं त्यावर चढून उड्या मारतात. खाली किल्नसीला तर पहिल्या महायुद्धातली आख्खी तोफांची बॅटरी फुटून किनाऱ्यावर पसरलीय, गॉडविन बॅटरी.

धागाकर्त्याने म्हटलंय फट कुठे बघते ते बघा. मी गेल्या महिन्यात बघितलं. आमच्या डब्याची फट सरळ आकाशाकडे बघते.

केनेटकाठी

@हलचा_हाल 🙏 यावर काय बोलू.

डिस्ट्रिक्ट_लाइन

शेतात कशाला, लंडनमध्ये पटनी ब्रिज ट्यूब स्टेशनवर आहे की. रेल्वेच्या पुलाच्या तोंडाशी. मी सहा वर्षं रोज त्याच्यासमोर उभा राहून विम्बल्डनच्या ट्रेनची वाट बघितली आणि मला वाटायचं सिग्नलवाल्यांची खोली आहे. आज तुमचा धागा वाचून संध्याकाळी मुद्दाम उतरलो. आहे बुवा.

माणगावकर

वाचतोय. एक आपल्याकडची आठवण, थोडं अवांतर होईल.

हे इंग्लंडातले डबे गोळी न उडवता बसून राहिले. पण मशीनगनच्या मोर्च्यावर समोरून धावून जाणं म्हणजे काय ते आमच्या तालुक्यातल्या माणसाने बघितलंय. नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. इटलीत, १० जुलै १९४४, अप्पर टायबरच्या खोऱ्यात. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून जर्मन मशीनगन सुरू झाली, त्यांच्याशिवाय सगळे पडले, मेलेले किंवा जखमी. हे एकटे गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगनने एकाला, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. मोर्चा घेतला आणि तिथेच स्नायपरची गोळी लागली. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात पुतळा आहे, मुंबई-गोवा हायवेने जाता तेव्हा वडापावला थांबता ना, तेव्हा दोन मिनिटं वळा तिकडे.

घाटवाटा

@माणगावकर हे अवांतर नाही. अजिबात नाही.

केनेटकाठी

@माणगावकर धन्यवाद. यावरून आठवलं, १९४० च्या त्या उन्हाळ्यात इंग्लंडात भारतीय सैनिकही होतेच. खेचरांच्या कंपन्या, के सिक्स फोर्स. मुंबई बंदरातून १९३९ च्या डिसेंबरात निघून मार्सेलला उतरल्या, बहुतेक पंजाबी मुसलमान. एक कंपनी फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती लागली, बाकीचे परत येऊन इंग्लंडात राहिले ते १९४४ पर्यंत. तेव्हा पुलाजवळ गवंडी सेंट्रिंग ठोकतोय आणि रस्त्याने आपल्याकडची फौज चाललीय, असंही कुठेतरी झालं असेल.

पाकोळी

उशिरा आले धाग्यावर. मी इथल्या एका बॅट ग्रुपमध्ये वटवाघळं मोजायला जाते (हो, असतो असा ग्रुप, हसू नका), म्हणून एक कळकळीची विनंती.

या डब्यांच्या आत हिवाळ्यात वटवाघळं झोपतात. काँक्रीट जाड म्हणून आत तापमान फारसं वरखाली होत नाही, ओल असते, अंधार असतो, त्यांना नेमकं हेच हवं असतं. काही ठिकाणी तर मुद्दामच फटी विटांनी बुजवून, दाराला जाळी ठोकून, आत लाकडी फळ्या टांगून वटवाघळांसाठी घर करून दिलंय. नोव्हेंबर ते मार्च ती सुप्तावस्थेत असतात. तुम्ही आत जाऊन टॉर्च मारला, बोललात, नुसतं चार माणसांच्या अंगाची ऊब जरी लागली तरी जागी होतात, आणि एकदा जागं होण्यात जी चरबी जळते ती भरून काढायला बाहेर किडे नसतात. कायद्यानेही त्यांना त्रास द्यायला बंदी आहे.

तर थंडीत आत शिरू नका प्लीज. बाहेरून बघा.

केनेटकाठी

@पाकोळी अरेरे, हे माहीत नव्हतं. मी फेब्रुवारीतच गेलो होतो आत, मोठा टॉर्च घेऊन. पंचाईत अशी की बघायला तोच सीझन बरा. मेनंतर सगळीकडे नेटल्स (अंगाला लागली की आग होते ती झुडपं) कमरेएवढ्या आणि ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, डबा दहा पावलांवर असून दिसत नाही. माझ्या पोटऱ्यांना विचारा.

पाकोळी

एप्रिलमध्ये जा. पहिला किंवा दुसरा आठवडा. नेटल्स घोट्याएवढ्या असतात. तरी आत जायच्या आधी दारातून बघा, छताच्या भेगांत कुणी लटकलेलं दिसलं तर मागे फिरा.

ससेक्सची_सून

यूकेतल्या मंडळींसाठी, हे सगळे कुठे कुठे आहेत त्याची नोंद झालेली आहे. डिफेन्स ऑफ ब्रिटन प्रोजेक्ट, १९९५ ते २००२, कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजीने चालवला, गावोगावच्या हौशी लोकांनी पायी फिरून पिलबॉक्स आणि इतर लष्करी बांधकामं मिळून सुमारे २० हजार नोंदी केल्या. ऑनलाइन शोधता येतात. आपलं गाव टाकून बघा, मी टाकलं तर मुलाच्या शाळेपासून अर्ध्या मैलावर एक निघाला.

केनेटकाठी

तर मग ठरलं. एप्रिलचा दुसरा रविवार, थील स्टेशन, सकाळी १०. शेतकऱ्याला मी फोन करून ठेवतो. वेलिंग्टन बूट आणा, टॉर्च छोटा. सेंट्रिंगवाले, टेप आणाल का?

सेंट्रिंगवाला

टेप खिशातच असतो. हातोडीपण आणू?

पाकोळी

नको!!

केनेटकाठी

जाऊन आलो. पाच जण होतो, पाकोळीताई पण आल्या, आधी त्याच आत डोकावल्या आणि कोणी नाही म्हणाल्यावर आम्ही गेलो. फोटो रात्री टाकतो.

सेंट्रिंगवाल्यांनी जंगीत टेप घालून भिंत मोजली, ४२ इंच भरली, म्हणजे साडेतीन फूट बरोब्बर. मग ते पंधरा मिनिटं एका कोपऱ्यात बसून होते, मला वाटलं पाठ धरली, तर भिंतीत दोन फळ्यांच्या सांध्यात सेंट्रिंग आवळायची तार तशीच राहिलेली सापडली होती, पिळा मारलेली, टोक वाकवलेलं. म्हणाले आमच्या साइटवर पोरं अजून असाच पिळा मारतात. जमिनीवरची माती बाजूला केली, बोल्ट नाहीत, आणि नसणारच, हा पायदळाचा डबा, एवढ्याशा दारातून तोफ कुठली जायला. फटीतून पूल दिसतो, त्यावरून आम्ही असेपर्यंत तीन सायकली आणि एक डिलिव्हरीची व्हॅन गेली.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं तुझा संडास बघ. तिने सगळं नीट बघितलं. मग म्हणाली दार दाखव. दाखवलं. तर म्हणते, "एवढ्याशा दारातून सात माणसांचा चहा आत कसा न्यायचे रे?"

कुणाला माहीत आहे का?

सेंट्रिंगवाला

थर्मास.